जनरल्स टू रद्द झाला ते ठीक, पण तो ठेवलाय कुठे?

२९ ऑक्टोबर २०१३ ला इए (इलेक्ट्रॉनिक आर्ट्स) या गेम कंपनीने 'कमांड अँड कॉन्कर' या युद्धाचे डावपेच लढवायच्या स्ट्रॅटेजी गेमच्या सिरीजमधला नवा गेम बनता बनताच बंद केला, आपण सगळे ज्याला 'जनरल्स टू' म्हणायचो तो. ज्या व्हिक्टरी गेम्स स्टुडिओत तो बनत होता तो स्टुडिओपण बंद झाला, आणि अल्फा टेस्टमधे, म्हणजे गेम अर्धवट असताना थोड्या लोकांना खेळायला देतात त्यात, ज्यांनी गेमच्या आत पैसे टाकले होते त्यांना ते सगळे परत मिळाले. टीमने जाहीरपणे सांगितलं की आम्ही कॅम्पेनवरून (एकट्याने खेळायच्या कथेवरून) लक्ष काढलं, पैशाच्या गणितावर चालणारा मल्टिप्लेयर गेम बनवला, अल्फा खेळणाऱ्यांनी स्पष्ट सांगितलं की असा गेम आम्हाला नको, म्हणून थांबतो. यात मला काही खोट दिसत नाही. कंपनीचा पैसा, कंपनीचा निर्णय, आणि लोकांचं ऐकून थांबणं हे तर चांगलंच. मला राग येतो तो त्याच्या पुढचा. एवढ्या लोकांनी केलेलं काम, त्यात काय जमलं, काय फसलं, कुठे पोचल्यावर कळलं की हे चालणार नाही, यातलं काहीच आज बाहेरच्या माणसाला बघता येत नाही, आणि कायद्याच्या हिशोबाने पुढची शंभरेक वर्षं बघता येणारही नाही. रद्द करायचा हक्क कंपनीचा असू द्या, पण जे बनलं ते कुठेतरी जमा झालं पाहिजे आणि ठराविक वर्षांनी उघडलं पाहिजे, आणि जिथे सरकारचा म्हणजे आपला पैसा लागतो तिथे तर ही अट आत्ताच घालता येते.

नागपूरच्या माणसाला अमेरिकेत बंद पडलेल्या गेमचं काऊन एवढं पडलंय, असं माझा एक मित्र मला नेहमी विचारतो. तर सांगतो. २००३ च्या फेब्रुवारीत जनरल्स आला, त्याच वर्षी सप्टेंबरमधे त्याची पुढची भर झीरो अवर आला, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं इकडच्या सायबर कॅफेत आणि इंजिनिअरिंगच्या होस्टेलात रात्र रात्र तोच चालायचा. सीताबर्डीत, धरमपेठेत, मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री आणि आत कूलरचा ओलसर वारा, सगळी मशीन लॅनवर म्हणजे एकमेकांना जोडलेली, 'वीस मिनिटं नो अटॅक' असं आधीच ठरलेलं, आणि कोणी जीएलए, म्हणजे गेममधली दहशतवाद्यांची फौज, घेतला की लगेच ओरडा, टॉक्सिन ट्रॅक्टर घेऊन येशील तर बघ बे. एज ऑफ एम्पायर्सचे भक्त पण होतेच, पण झीरो अवरमधे डाव लवकर निकालात निघायचा आणि कॅफेत तासाचे पैसे मोजणाऱ्या पोरांना ते परवडायचं.

आणि डाव रंगात आला की स्क्रीनवर मिसमॅचचा मेसेज यायचा आणि सगळं संपायचं. का आला ते कॅफेवाल्यालाही माहीत नसायचं, तो म्हणायचा मशीन रीस्टार्ट करा. खरं कारण फार छान आहे. या गेममधे कोणता टँक कुठे आहे हे एक मशीन दुसऱ्याला सांगतच नाही. नेटवर्कवरून फक्त हुकूम जातात, अमक्याने अमक्या जागी क्लिक केलं एवढंच, आणि पूर्ण युद्धाचा हिशोब प्रत्येक मशीन स्वतःपुरता करतं. म्हणजे सगळ्या मशीनचा हिशोब शेवटच्या आकड्यापर्यंत सारखा यायला पाहिजे. मधूनमधून सगळी मशीन आपापल्या हिशोबाची एक बेरीज एकमेकांशी ताडून बघतात, एकाची जरी वेगळी निघाली की डाव मोडला. त्या काळच्या नेटवर्कवर शेकडो युनिट पळवायची तर दुसरा उपायच नव्हता.

हे आम्हाला तेव्हा कोणी शिकवलं नाही, फायली उघडून उघडून थोडंफार कळलं. युनिटची माहिती आयएनआय फायलींमधे असते, ती .बिग नावाच्या गठ्ठ्यातून काढली की नोटपॅडमधे उघडते. क्रुसेडर टँकची किंमत ९०० लिहिलेली, ती ९ करून सेव्ह करायची, एकटं खेळताना भारी वाटायचं आणि लॅनवर बसलं की ते मशीन बाकीच्यांशी जुळायचंच नाही. ज्या पोराने हा उद्योग केला त्याला शिव्या पडायच्या, पण गेम हा आकड्यांचा आणि नियमांचा बनलेला असतो आणि ते नियम कोणीतरी बसून लिहिलेले असतात हे त्याला त्या दिवशी कळून जायचं. माझ्या ओळखीतले जे आज सॉफ्टवेअरमधे चांगलं काम करून राहिले त्यांच्यातले बरेच असेच आत शिरले. पुण्या-बंगलोरच्या पोराला गेम स्टुडिओत ओळख काढून इंटर्नशिप मिळू शकते. नागपूरच्या पोराला ते अवघडच जातं, त्याला शिकायचं तर दुसऱ्याने बनवलेली गोष्ट उघडूनच शिकावं लागतं. म्हणून मला हा प्रश्न फॅन लोकांच्या हळहळीचा वाटत नाही, शिकायला साधन कोणाला मिळतं आणि कोणाला नाही याचा वाटतो.

उघडं केल्याने काय होतं याचा पुरावा याच सिरीजमधे आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत इएने जनरल्स आणि झीरो अवरचा सोर्स कोड, म्हणजे गेमचा मूळ प्रोग्रॅम, जीपीएल या खुल्या लायसन्सखाली सगळ्यांसाठी खुला केला, सोबत याच सिरीजमधल्या टायबेरियन डॉन, रेड अलर्ट आणि रेनेगेडचा पण. त्याआधी २०२० मधे रिमास्टर काढताना थोडा कोड दिला होताच. मी रविवारी कॉलेजच्या काही पोरापोरींना गेम प्रोग्रॅमिंग शिकवतो, त्यांना म्हटलं उघडा आणि मिसमॅच शोधा. लाखो ओळींचं जुनं सी प्लस प्लस, वीसेक वर्षांपूर्वीच्या कंपायलरसाठी लिहिलेलं, पहिल्यांदा सगळे घाबरले. मग एका मुलीने ती बेरीज नेमकी कुठे होते ते शोधून काढलं आणि म्हणाली, "सर, हे तर प्रत्येक ऑब्जेक्ट, प्रत्येक प्लेयर, एआय, सगळंच त्या बेरजेत टाकून राहिले, मग एक जरी टँक इंचभर सरकला तरी बेरीज बदलणारच ना!" त्यानंतर ती अर्धा तास बाकीच्यांना बोर्डवर हेच समजावत होती, दोन मशीनवर दशांश अपूर्णांकाचं उत्तर किंचित वेगळं आलं तर काय होईल, रँडम नंबर सगळ्यांकडे सारखाच यावा म्हणून काय केलंय. नेटवर्किंगच्या पुस्तकातलं एक पूर्ण प्रकरण तिने एका फाईलमधून वसूल केलं. मला त्या दिवशी फार आनंद झाला.

यात कंपनीचं काय गेलं? काहीच नाही. चित्रं, आवाज, नकाशे त्यांनी दिलेच नाहीत, गेम चालवायचा तर मूळ गेम विकतच घ्यावा लागतो, आणि तो २०२४ पासून स्टीम या ऑनलाईन दुकानात मिळतो. दुसऱ्या कंपन्यांचे जे तुकडे आत होते, आवाजाचं माईल्स, व्हिडिओचं बिंक, ऑनलाईनचं गेमस्पाय, ते काढून घेतले आणि कोणकोणते काढले याची यादी सोबत ठेवली. जगभरातल्या लोकांनी तो कोड घेऊन जुने बग दुरुस्त करायला सुरुवात केली, कंपनीला एक रुपया खर्च न करता तिचा जुना गेम सुधारून राहिलाय.

आता हेच जनरल्स टूला लावून बघा. डिसेंबर २०११ मधे तो बायोवेअर व्हिक्टरीच्या नावाने जाहीर झाला, फ्रॉस्टबाइट टू इंजिनवर, इंजिन म्हणजे गेम ज्यावर उभा करतात तो तयार पाया. ऑगस्ट २०१२ मधे सांगितलं की आता हा फ्री टू प्ले, म्हणजे खेळायला फुकट आणि आतल्या वस्तू विकत, नाव नुसतं कमांड अँड कॉन्कर. फ्रॉस्टबाइट हे डाईस स्टुडिओने बॅटलफील्डसाठी बनवलेलं इंजिन, म्हणजे एका सैनिकाच्या डोळ्यांतून दिसणारं जग नीट दाखवणं हे त्याचं मूळ काम. ते उचलून वरून बघायच्या स्ट्रॅटेजी गेमला बसवायचं ठरलं. शेकडो युनिटना रस्ता शोधून द्यायचा, सगळ्यांच्या गोळ्या मोजायच्या, इमारत पडली की तिचा मलबा रस्त्यात येतो का ते ठरवायचं, हे शूटरच्या इंजिनात कसं बसवलं? जुनी हुकूम पाठवायची पद्धत ठेवली की टाकून दिली? कुठे अडले? ही त्या काळातली खरोखर मोठी तांत्रिक प्रयोगशाळा होती आणि तिची एकही वही आपल्याकडे नाही. जे आहे ते ट्रेलर, थोडे स्क्रीनशॉट आणि अल्फा खेळलेल्यांच्या आठवणी.

पैशाच्या बाजूचं तर आणखीच. स्ट्रॅटेजी गेममधे फ्री टू प्ले बसतं का, हा प्रश्न आजही उघडा आहे. शूटरमधे बंदुकीला रंग विकता येतो, पण जनरल्ससारख्या गेममधे समोरच्याकडे माझ्याकडे नसलेला जनरल, म्हणजे वेगळी ताकद असलेला सेनापती, आहे असं नुसतं वाटलं तरी हरलेला माणूस पैशालाच दोष देणार, आणि त्यात त्याचं फारसं चुकतही नाही. माझं स्वतःचं मत असं की अल्फावाल्यांनी नाकारलं ते बरोबर केलं. कॅम्पेन बाजूला ठेवून आधी दुकान थाटलं की झीरो अवरमधे वाढलेला माणूस नाराज होणारच. पण हे माझं मत झालं, पुराव्याशिवायचं. त्या टीमकडे अल्फाचे आकडे होते, लोक कितव्या डावाला सोडून जात होते, काय विकत घेत होते, कशाला हात लावत नव्हते. ते आकडे उघडे झाले असते, माणसांची नावं काढून, तर आज जो कोणी असा गेम बनवायला घेतोय त्याची वर्ष-दोन वर्षं वाचली असती.

कोणी म्हणेल फसलेल्या गेममधून काय शिकायचं. भरपूर शिकायला मिळतं, फक्त तो बघायला मिळाला पाहिजे. याच सिरीजचा चौथा टायबेरियन गेम, २०१० मधे आलेला टायबेरियन ट्वायलाइट, हाही प्रयोगच होता, आणि फसलेला प्रयोग. पंधरा वर्षांची सवय मोडून त्यांनी बेस बांधणंच काढून टाकलं. रिफायनरी नाही, कापणी नाही, त्याऐवजी क्रॉलर नावाचं एक चालतंफिरतं अवजड मशीन दिलं, त्यातूनच युनिट निघणार, हल्ला, बचाव किंवा मदत यातला एक प्रकार निवडायचा आणि नकाशावरच्या जागा धरून ठेवायच्या. युनिटच्या संख्येवर मर्यादा, आणि नवी युनिट मिळवायची तर खेळून खेळून लेव्हल वाढवायची. शिवाय एकटं खेळायलाही नेट पाहिजे. लोकांनी झोडपलं.

पण तो गेम विकला गेला, आजही स्टीमवरच्या जुन्या कमांड अँड कॉन्करच्या संचात मिळतो, म्हणून मी पोरांना तो खेळायला लावू शकतो. थोडेच डाव खेळल्यावर त्यांना आपोआप कळतं की क्रॉलरची कल्पना वाईट नव्हती, हलता बेस उलट मजा आणतो, घोळ लेव्हलने केला, कारण नव्या माणसाकडे अर्धी युनिट नसतातच आणि समोरचा जुना खेळाडू असला की डाव सुरू व्हायच्या आधीच हरल्यासारखं होतं. चांगला भाग आणि वाईट भाग असा वेगळा काढता येतो, कारण पूर्ण गेम समोर आहे. जनरल्स टूबद्दल एवढंही म्हणता येत नाही, सगळा एका गठ्ठ्यात बांधून वाईट ठरवून मोकळे झालो आपण.

आज रद्द झालेला गेम बघायचा बहुतेक वेळा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे कोणीतरी चोरून फोडायचा. ब्लिझार्डने १९९८ च्या मे महिन्यात 'वॉरक्राफ्ट ॲडव्हेंचर्स' रद्द केला, स्ट्रॅटेजी सिरीजमधे कार्टूनसारखा पॉइंट अँड क्लिक गेम, बराचसा तयार झालेला. तो लोकांना दिसला २०१६ मधे, लीक झाल्यावर. 'स्टारक्राफ्ट घोस्ट' २००२ मधे जाहीर झाला, स्ट्रॅटेजीचं जग घेऊन लपतछपत खेळायचा ॲक्शन गेम करून बघत होते, २००६ मधे बेमुदत बाजूला ठेवला, आणि त्याचा एक तुकडा बाहेर आला २०२० मधे, तोही लीकमधूनच. या लीकमुळे ब्लिझार्डचं दिवाळं निघालं नाही. पण मी वर्गात उभं राहून पोरांना सांगू शकतो का की जा आणि लीक उतरवून घ्या? नाही सांगू शकत, आणि सांगणार पण नाही. ज्या गोष्टीचा अभ्यास करायला कायदा मोडावा लागतो ती गोष्ट शिक्षणात कधी येतच नाही, ती फक्त हौशी लोकांच्या हार्ड डिस्कवर राहते आणि त्यांच्यासोबत जाते. सरळ रस्ता पण आहे, निन्टेन्डोने तो दाखवला. 'स्टार फॉक्स टू' नव्वदच्या दशकात पूर्ण बनवून रद्द केला होता, २०१७ मधे त्यांनी स्वतःच तो छोट्या सुपर निन्टेन्डोत घालून विकला. वीस वर्षांनी. लोकांनी आनंदाने घेतला.

एक गोष्ट लक्षात घ्या, इथे विकल्या गेलेल्या गेमचीच धड सोय नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मधे अभ्यास केला तर २०१० च्या आधी तिकडे आलेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आता बाजारात मिळतच नाहीत असं निघालं. युबिसॉफ्टने 'द क्रू' या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले, पैसे देऊन घेतलेला गेम लोकांच्या हातात मेला, त्यावरून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ उभी राहिली आणि युरोपमधे तिच्या अर्जावर २०२५ च्या जुलैपर्यंत १० लाखांच्या वर सह्या झाल्या. मी त्या चळवळीच्या बाजूने आहे. पण तिचा आधार ग्राहकाचा हक्क आहे, पैसे दिले म्हणून गेम चालला पाहिजे. रद्द झालेल्या गेमला ग्राहकच नसतो, अल्फावाल्यांनाही पैसे परत मिळाले, म्हणजे तक्रार करायला कोणी उरलंच नाही. म्हणून ही मागणी ग्राहक म्हणून करता येणार नाही, समाज म्हणून करावी लागेल.

कायदा बघितला तर निराशा होते. अमेरिकेत कंपनीसाठी केलेलं आणि कधीच प्रकाशित न झालेलं काम बनल्यापासून १२० वर्षं कॉपीराइटमधे राहतं. २०१३ चं काम म्हणजे २१३३. तोपर्यंत त्या हार्ड डिस्क वाचणारं मशीन राहील का, हे कोणी छातीठोकपणे सांगावं. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम हा साहित्यकृतीतच धरतात, आणि लोकांपासून अडवून ठेवलेल्या कृतीसाठी सक्तीचं लायसन्स मागायची सोय कलम ३१ मधे आहे, पण ती कृती आधी प्रकाशित झालेली पाहिजे. जे बाहेर आलंच नाही आणि ज्याचा मालक चांगला धडधाकट आहे त्याच्यासाठी काहीच नाही.

आणि तरी आपल्या देशाला जमा करून ठेवायची सवय नाही असं मी म्हणणार नाही. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाला पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना द्यावी लागते, त्यात मुंबईची एशियाटिक आहे. पुण्यात १९६४ मधे राष्ट्रीय फिल्म संग्रहालय झालं, पी. के. नायर यांनी आयुष्य घालून रिळांचे डबे गोळा केले, अर्धवट, जळके, खराब झालेले सुद्धा, कारण अर्धा डबा पण काहीतरी सांगतो. आमच्या नागपूरचं अजब बंगला १८६३ पासून उभं आहे, तिथे फुटक्या मूर्ती आहेत, हात नसलेल्या, डोकं नसलेल्या, आणि कोणी म्हणत नाही की ही फुटकी कशाला ठेवली. गेमच्या बाबतीत मात्र अजून आपण गेम म्हणजे काय यावरच अडकलोय, निम्म्या लोकांना गेम म्हटलं की पत्त्यांचे पैसे आठवतात. २०२५ मधे केंद्राच्या ऑनलाईन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे गेम वेगळे काढले हे त्या दृष्टीने बरं झालं, निदान आता बाकीच्या गेमबद्दल कला म्हणून बोलता येईल.

विरोधात जे बोललं जातं त्यातलं काही खरंच वजनदार आहे. पहिलं म्हणजे इंजिन. फ्रॉस्टबाइट इए आजही वापरतं, ते कसं उघडं करणार? करू नका. इंजिन कुलपात राहू द्या, त्याच्यावर बसवलेला गेमचा भाग, आकडे, डिझाइनचे कागद, खेळता येईल अशी एक बिल्ड (गेमची त्या दिवशीची चालणारी प्रत) एवढं पुरे, तेही दहा वर्षांनी. दहा वर्षांनी कुठली गुपितं राहतात या धंद्यात? दुसरं, आणि हे मला जास्त टोचतं, काम करणाऱ्यांची लाज. अर्धवट चित्र, कच्चा कोड, रात्री अडीचला लिहिलेली कॉमेंट, हे जगाने बघावं असं कोणाला वाटेल? मी स्वतः कोड लिहितो, मला ही भावना पूर्ण समजते. म्हणून वैयक्तिक ईमेल, चॅट, कोणी काय बोललं हे जमा करूच नये, आणि ज्याला नाव नको त्याचं नाव काढावं. पण दुसरी बाजू बघा. स्टुडिओ बंद झाल्यावर त्या माणसाने दोन वर्षं काय केलं हे त्याला पुढच्या मुलाखतीत दाखवता पण येत नाही, कारण सगळं एनडीएच्या म्हणजे गुप्ततेच्या कराराच्या आत. बाहेर न आलेलं काम म्हणजे त्याच्या बायोडेटात पडलेलं भोक.

हे आपल्या जवळ पण घडलेलं आहे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: सँड्स ऑफ टाइम'चा रिमेक २०२० मधे जाहीर झाला तेव्हा तो युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या टीमकडे होता, आपल्या इकडच्या पोरांनी मोठ्या सिरीजचं मुख्य काम हातात घेतलेलं. ट्रेलर आला, लोकांनी जगभरातून नावं ठेवली, आणि २०२२ मधे ते काम मॉन्ट्रियलला गेलं. पुण्या-मुंबईच्या टीमने काय बनवलं होतं? एका ट्रेलरवरून त्यांच्यावर शिक्का बसला आणि उत्तर द्यायला त्यांच्याकडे काही नाही. मला अजून वाईट वाटतं याचं.

इएला किंवा ब्लिझार्डला महाराष्ट्र सरकार काही सांगू शकत नाही, हे मला कळतं. पण २०२५ मधे राज्याने ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग, कॉमिक्स आणि एक्सआर यांचं धोरण मंजूर केलं, म्हणजे गेम बनवायला सरकारी सवलती मिळणार. यातले बरेच गेम रद्द होणार, हे आत्ताच लिहून ठेवा, कारण जगात सगळीकडे तसंच होतं आणि त्यात कोणाचा गुन्हा नाही. मग सवलतीसोबत एक अट घाला. गेम रद्द झाला तर तीन महिन्यांच्या आत, टीम पांगायच्या आधी, चालणारी शेवटची बिल्ड, ती कशी चालवायची त्याची माहिती, आणि टीमनेच लिहिलेला पंधरा-वीस पानांचा अहवाल की काय करायचं होतं आणि कुठे अडलो, एवढं जमा करायचं. दहा वर्षं सीलबंद. मधे कंपनीला गेम पुन्हा सुरू करावासा वाटला तर मुदत वाढवून घ्यावी. सवलतीचा शेवटचा हप्ता जमा केल्याची पावती दाखवल्यावरच सोडायचा, म्हणजे मागे लागायला वेगळं खातं लागत नाही.

तीन महिने मी मुद्दाम म्हणतोय. बिल्ड दहा वर्षांनी पण शोधून काढता येईल एखाद्या वेळी, पण का अडलो हे माणसांच्या डोक्यात असतं आणि माणसं नव्या नोकरीला लागली की विसरतात, किंवा सोयीचं तेवढं आठवतात. त्या बिल्डपेक्षा ती पंधरा पानं मला जास्त महत्त्वाची वाटतात. जनरल्स टूच्या टीमने स्टुडिओला कुलूप लागायच्या आधी तेवढी लिहून ठेवली असती आणि ती आज वाचायला मिळाली असती तर मी अर्धं सेमिस्टर त्यावर शिकवलं असतं.

आणि बघायची सोय एकट्या मुंबईत करू नका. दहा वर्षांनी सील उघडल्यावर इकडच्या पोराने विदर्भ एक्सप्रेसने रात्रभर जाऊन, तिथे राहायचा खर्च करून एक बिल्ड बघायची असेल तर तो जाणारच नाही, पोरगी तर त्याहून नाही, घरचेच पाठवणार नाहीत. नागपूर आणि अमरावती विद्यापीठाच्या ग्रंथालयांत एक-एक मशीन ठेवा, नेटला न जोडलेलं, कॉपी करता न येणारं, नाव लिहून बसायचं आणि खेळायचं, फायली वाचायच्या, वहीत टिपणं घ्यायची. इतपत सोयीला कुठल्या कंपनीचा आक्षेप असेल तर तिने तो समोर येऊन सांगावा.